कागदी ताटल्यांची तालीम

ओलेथा टिस्डेलला काळजी करायला कारण लागत नसे. काळजी आधी यायची, कारण मागाहून सापडायचं. ऑरेंजबर्गमध्ये तिने उभं आयुष्य शाळेची बस चालवली आणि प्रत्येक थांब्यावर मान वळवून पोरांची डोकी मोजली. बस सुटली, पण मानेची सवय सुटली नाही. रविवारी माउंट नेबो चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटून असत, आणि ओलेथा एक डोळा किलकिला ठेवून पुढच्या बाकावरची पोरं मोजत असे.

"देवाला माहीत आहे ना, किती आहेत ती," तिचा नवरा वेंडेल कुजबुजे.

"देवाला बाकीचीही कामं असतात," ती म्हणे.

तिची एकुलती एक लेक रोशेल शिकागोला नाटकं बसवायची. एकदा सकाळी तिने फोन उचलला नाही, तेव्हा ओलेथाने सरळ तिकडच्या पोलिसांना फोन लावला. पोलीस दार ठोठावत आले तेव्हा रोशेल अंघोळ करत होती. "डोळ्यांत साबण घेऊन, टॉवेल गुंडाळून मला सांगावं लागलं की मी जिवंत आहे म्हणून!" ती नंतर ओरडली. ओलेथाला यात ओरडण्यासारखं काही दिसलं नाही. "नीट बोलले ना पण ते तुझ्याशी?" एवढंच तिने विचारलं.

लेकीच्या खालोखाल तिचा जीव होता तो हॅट्सवर. घरातली सगळ्यात गार खोली हॅट्सची होती. जुलैत वेंडेल बिचारा पंख्याखाली घामाने निथळत झोपे, आणि भिंतीपलीकडे हॅट्स एसीत गोल डब्यांमध्ये निवांत बसलेल्या असत. "पुढच्या जन्मी देवा, मला नवरा करू नकोस, हॅट कर," असं तो चर्चच्या कारभाऱ्यांच्या, डीकनांच्या, बैठकीत म्हणाल्याचं गावात सगळ्यांना माहीत होतं.

माउंट नेबोच्या बायकांचे हॅटबाबतचे कायदे कुठे छापलेले नव्हते, पण कुणी मोडतही नव्हतं. दुसरीच्या हॅटला बोट लावायचं नाही. मिठी मारायची असेल तर मान तिरपी करून, लांबूनच. आणि हॅट उसनी मागायची तर त्यापेक्षा तिच्या तोंडातली कवळी मागणं बरं. या कायद्यांमुळे चर्चमध्ये शांतता होती. फक्त एका ईस्टरला ती भंगली. त्या दिवशी ओलेथा उजव्या दाराने आत आली आणि त्याच क्षणी डाव्या दाराने सिस्टर आयडेला ग्लोव्हर आत आली, आणि दोघींच्या डोक्यावर एकच हॅट! तोच जांभळा रंग, तीच जाळी, तोच तिरका फुलांचा गुच्छ. पास्टर वाचता वाचता ओळ चुकले. अंत्यविधीच्या दुकानाने जाहिरातीसाठी वाटलेले हातपंखे जागच्या जागी थांबले. दोघी मधल्या वाटेच्या दोन बाजूंना बसल्या, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथेच बसत राहिल्या. आधी एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या मैत्रिणी, पण त्या दिवसापासून बोलणं "अहो सिस्टर" आणि "तुम्ही"वर आलं. माउंट नेबोमध्ये "तुम्ही" ऐकलं की शहाणी माणसं खुर्ची मागे सरकवत.

अशात रोशेल घरी आली. गावातल्या कॉलेजच्या नाटक विभागाच्या प्रमुखबाई, डॉक्टर मेबिन, यांनी तिला एक संगीत नाटक बसवायला बोलावलं होतं. नाटक चांगलं झालं तर नाट्यगृह कायमचं तिच्या हाती द्यायचं, नाही झालं तर ती पुन्हा शिकागोला. ओलेथाने हे ऐकलं आणि वेंडेलला ते तीनदा सांगितलं. लेक घरात, या गावात, हाकेच्या अंतरावर! रोशेलच्या जुन्या खोलीत हॅट्स असल्यामुळे ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती, आणि तिची बॅग दाराशी अर्धीच उघडलेली पडलेली होती. ओलेथा येता-जाता त्या बॅगेकडे अशी बघायची जशी माणसं कुत्र्याकडे बघतात, चावणार की नाही याचा अंदाज घेत.

नाटकाची कल्पना रोशेलचीच. चर्चमधल्या सहा बायका रंगमंचावर यायच्या, आपापली हॅट घालून आपापल्या आयुष्यातली गोष्ट सांगायची, गायचं, नाचायचं. नट्या नकोत, खऱ्या बायका हव्यात. बायका लगेच तयार झाल्या. चर्चमध्ये त्या वर्षानुवर्षं हेच तर फुकट करत होत्या.

घोळ झाला तो शेवटच्या गाण्याचा.

"सगळ्यांनी गोल उभं राहायचं," रोशेल पहिल्या तालमीला म्हणाली. "गाणं सुरू झालं की प्रत्येकीने आपली हॅट काढून डावीकडच्या मैत्रिणीला द्यायची. तिने ती घालायची, मग पुढे द्यायची. अशी प्रत्येक हॅट सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरून आपल्या मालकिणीकडे परत येईल. म्हणजे एकीचं आयुष्य दुसरीने क्षणभर डोक्यावर घेऊन बघायचं."

नव्वदीच्या मदर पिंकनी खुर्चीत पुढे वाकल्या.

"बाळा, हे तू कुठे शिकलीस?"

"शिकागोला, मदर."

"तरीच," मदर पिंकनी म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी निघाल्या.

त्यांना दारातून परत आणलं ते ओलेथाने. नुसतं आणलं नाही, तर पुढचे कित्येक दिवस ती प्रत्येकीच्या घरी पाउंड केक घेऊन गेली. माझ्या पोरीसाठी करा, म्हणाली. एका गाण्यापुरतं तर आहे, म्हणाली. मदर पिंकनींच्या हॅटवर एक खराखुरा पेंढा भरलेला पक्षी होता, आणि त्याच्या डोळ्याचा मणी हलतो म्हणून त्या देईनात. "मदर, मी स्वतः घेणार आहे ना तुमच्याकडून! मी तुमच्या उजव्या हाताला," ओलेथा म्हणाली.

"डाव्या," मदर पिंकनी म्हणाल्या. "आणि तुझ्या डाव्या हाताला कोण आहे, ते बघितलंस का?"

ओलेथाने बघितलं नव्हतं. तिच्या डाव्या हाताला आयडेला होती.

"तुम्हा दोघींचे आवाज सारखे भरदार आहेत, आई," रोशेल म्हणाली. "शेजारी उभ्या राहिलात की छप्पर उडतं."

"छप्पर उडालं तर पाऊस आत येईल."

"आई."

"बरं बाई, बरं."

आणि खरंच तालमी उत्तम झाल्या, कारण तालमीला कुणीच हॅट आणली नाही. त्या जुन्या नाट्यगृहात धूळ होती, आणि धुळीत हॅट कोण आणणार? म्हणून चर्चच्या जेवणाच्या कागदी ताटल्या आणल्या. बायका डोक्यावर ताटल्या धरून गोल उभ्या राहत, ऑर्गन सुरू झाला की ताटल्या झपाझप फिरत. ओलेथा तर त्यात इतकी तरबेज झाली की बाकीच्यांना ओरडायची, "थांबायचं नाही बायांनो! आली की घाला, घातली की द्या! हात मोकळा ठेवा, मनही मोकळं ठेवा!" आयडेलाच्या हातात ताटली देताना तर ती हसायचीसुद्धा. रोशेलला वाटलं, आपली आई बदलली. ओलेथालाही तसंच वाटलं. ताटली देताना कुणालाही तसं वाटतं.

प्रयोग शनिवारी दुपारी होता. ओलेथाने खास त्यासाठी नवी हॅट आणली होती. भोपळ्यासारखी केशरी, कडा खांद्यांच्या बाहेर जाणाऱ्या, आणि मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा पिसांचा तुरा. ती घालून गाडीत बसता येईना, म्हणून वेंडेलने समोरची सीट मागे केली आणि ती आडवी होऊन आली, शवपेटीत असल्यासारखी, छतात बघत. त्या सगळ्या धावपळीत एक गोष्ट राहून गेली. बाकीच्या पाचजणींना तिने बजावलं होतं, "केस करून या, हॅट काढायची आहे." स्वतःचे मात्र करायला वेळच मिळाला नाही. हॅटखाली बारीक बारीक वेण्या आडव्या पिनांनी टाचलेल्या होत्या, आणि केस दाबून राहावेत म्हणून त्यांवर जुन्या लांब मोज्याचा कापलेला तुकडा चढवलेला होता. जाऊ दे, ती मनात म्हणाली. क्षणाचा तर प्रश्न आहे. ताटलीचं येणं-जाणं.

नाट्यगृह भरलं. अख्खं माउंट नेबो आलं होतं, शिवाय मेथडिस्ट या दुसऱ्या पंथाच्या दोन चर्चची माणसं खुसपटं काढायला आली होती. डॉक्टर मेबिन पुढच्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, ओठ मिटून. ओलेथाने पडद्याच्या फटीतून पाहिलं. "हसतच नाहीये ती बाई," ती रोशेलला म्हणाली.

"अजून सुरूच झालं नाहीये, आई."

सुरू झालं आणि सुरेख झालं. मदर पिंकनींनी आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली, त्यात नवऱ्याचं नाव त्यांना आठवेना, पण पक्ष्याचं आठवलं. ओलेथाने बसची गोष्ट सांगितली, लोक हसले, डोळे पुसले. मग आयडेलाची पाळी आली. तालमीत ती आपल्या आजीच्या गवती टोपीची गोष्ट सांगायची. आज ती पुढे आली, घसा साफ केला आणि म्हणाली, "एका ईस्टरला मी जांभळी हॅट घेतली."

ओलेथाची मान बसमधल्यासारखी गर्रकन वळली.

"नाताळपासून तिच्यासाठी पैसे साठवले होते. दुकानात माझ्या मागे एक बाई उभी होती. मला वाटलं, मैत्रीण आहे, सोबतीला आलीय. ती माझ्या हॅटकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. नाव मी घेत नाही, कारण ती इथेच उभी आहे."

सभागृहातून "ओऽऽ" असा सूर उठला. कुणीतरी "सांगा सिस्टर, सांगा!" म्हणालं, आणि मेथडिस्टांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"खोटं आहे हे!" ओलेथा दातांमधून म्हणाली. "तुम्ही माझ्या मागे होतात, सिस्टर ग्लोव्हर!"

"पाहिलंत?" आयडेला लोकांकडे वळून म्हणाली. "मी नाव घेतलं का?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतच ऑर्गनने शेवटचं गाणं धरलं.

बायका गोल उभ्या राहिल्या. मदर पिंकनींनी पक्ष्याला थोपटलं, हॅट काढली आणि ओलेथाच्या हातात दिली. आता ओलेथाने आपली हॅट काढून आयडेलाला द्यायची. आयडेला हात पसरून उभीच होती. तिची हॅट कधीच पुढे गेली होती, आणि तिचे केस छान कुरळे केलेले, दिव्यात चमकत होते. ओलेथाचा हात हॅटकडे गेला. हॅटच्या कडेला लागला. आणि तिथेच अडकला. या बाईला? मोज्याचा तुकडा सगळ्या गावाला दाखवून, या बाईला? हातातल्या हॅटचं काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने ती आपल्या हॅटवर ठेवली.

आता शहाण्या बायका थांबल्या असत्या. पण थांबायचं नाही, हे त्यांना ओलेथानेच शिकवलं होतं. आली की द्या! पुढची हॅट आली, मदर पिंकनींनी ती क्षणभर घातली आणि पुढे केली. ओलेथाने ती पक्ष्यावर ठेवली. मग आणखी एक. मग हिरवी, मोत्यांची. मनोरा चढत गेला. पक्ष्याची चोच निळ्या हॅटच्या जाळीत गुंतली. शेवटी चंदेरी हॅट फिरत फिरत आली, ती होती आयडेलाची, आणि तीही ओलेथाच्याच डोक्यावर जाऊन बसली. रंगमंचावर पाच बोडक्या बायका आणि मधे ओलेथा, बर्फाचा गोळा विकणाऱ्याच्या फळीसारखी रंगीबेरंगी, मान ताठ, डोळे तिरळे, हलायची सोय नाही.

ऑर्गनवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

"ओलेथा," मदर पिंकनी गाण्याच्या वरच्या सुरात म्हणाल्या, "माझं डोकं गार पडायला लागलंय गं."

सभागृहात हशा फुटला. वेंडेल तिसऱ्या रांगेत उभा राहिला. "दे गं ओलेथा! दे तिला! मी रात्री एसीशिवाय झोपतो ते झोपतो, आणखी काय करू?"

"आमेन!" लोक म्हणाले. "दे गं बाई, दे!"

ओलेथाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पडद्याआड रोशेल उभी होती, दोन्ही हात डोक्यावर धरून, तोंड उघडं. ओलेथाला तो चेहरा माहीत होता. शाळेच्या पहिल्या दिवशी बसच्या आरशात दिसलेला. मग तिच्या डोळ्यांपुढे घरच्या दाराशी अर्धी उघडलेली बॅग आली, आणि ती बंद होतानाचा चेनचा आवाजसुद्धा आला.

तिने वरची चंदेरी हॅट उचलून आयडेलापुढे धरली. "घे. तुझीच आहे."

"ही नको," आयडेला म्हणाली. हात तसेच पसरलेले. "माझ्या वाट्याला जी येते ती दे. तळाची."

"तळाची निघायची नाही. वर अजून चार आहेत."

"मला घाई नाही."

"तूच कॉपी केली होतीस."

"तूच केली होतीस."

"आवाज पोचत नाही!" मागून कुणी मेथडिस्ट ओरडला.

या भांडणात दोघी "तुम्ही"वरून "तू"वर आल्या, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते पास्टरांच्या, आणि ते शेजारच्याला कोपराने ढोसत राहिले.

"बायांनो, आपापल्या काढून घ्या," ओलेथा म्हणाली आणि गुडघ्यांवर खाली वाकली, कारण मदर पिंकनींचा हात वरपर्यंत पोचत नव्हता. एकेक बाई आली, आपापली हॅट उचलून गेली. पक्षी जाळीतून सोडवताना त्याच्या डोळ्याचा मणी खरंच निघाला आणि ऑर्गनच्या दिशेने घरंगळत गेला. उरली केशरी. ओलेथाने दोन्ही हातांनी ती काढली. मोज्याचा तुकडा दिव्याखाली उजळून निघाला. एक वेणी सुटून कपाळावर आली. सभागृह असं हसलं की हातपंखे उडाले, आणि ओलेथा टिस्डेल ताठ मानेने, सगळ्या गावासमोर, आपली नवीकोरी हॅट आयडेला ग्लोव्हरच्या हातात देऊन मोकळी झाली.

आयडेलाने ती घातली. जरा तिरकी केली. पिसं मागे झुलली.

हसणं हळूहळू थांबलं. ती हॅट तिला शोभत होती. ओलेथाला शोभत होती त्याहून कितीतरी जास्त शोभत होती, आणि ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

ओलेथाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मेले, काय दिसतेस गं," ती म्हणाली.

"अगं, तुझे केस तरी करून यायचं होतंस," आयडेला म्हणाली, आणि आपली चंदेरी हॅट उचलून तिने ओलेथाच्या मोज्यावर अशी काळजीपूर्वक ठेवली की एकही वेणी दिसेना. मग दोघी एकदम गायला लागल्या, आणि छप्पर उडायचं तेवढं उडालं. डॉक्टर मेबिन उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या शेजारच्या अनोळखी माणसाचा खांदा धरून हसत होत्या.

पडदा पडल्यावर ओलेथा पडद्याआड जाऊन एका खोक्यावर बसली. रोशेल आली.

"वाट लावली ना मी सगळ्याची?" ओलेथाने विचारलं.

"हो."

"तिकीट कधीचं काढतेस?"

"आई, डॉक्टर मेबिन म्हणाल्या, हे सगळं असंच पाहिजे. प्रत्येक प्रयोगात. मनोरा, भांडण, मोजा, सगळं."

"मोजा?"

"मोजा तर पाहिजेच. आणि मला सोमवारपासून ऑफिस देतायत. कायमचं." रोशेल तिच्या शेजारी खोक्यावर टेकली. "मी राहतेय, आई."

ओलेथाने तिला मिठी मारली, मान तिरपी न करता, सरळ, करकचून. चंदेरी हॅट मागे पडली तरी तिचं लक्ष गेलं नाही. "हॅट्सची खोली आजच रिकामी करते," ती रडत म्हणाली. "आजच. हॅट्स झोपतील सोफ्यावर."

"नको, आई. खोली मिळालीय मला." रोशेल जरा सरकून बसली. "सिस्टर आयडेलांची माडी रिकामी आहे. त्यांनी आत्ताच विचारलं."

"आयडेलाकडे?"

"तू रात्री येऊन, श्वास चालू आहे का बघायला, माझ्या नाकाखाली आरसा धरतेस."

"एकदाच धरला होता!"

"असं 'एकदाच' कितीतरी वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी मी जागी होते."

आयडेला तेवढ्यात येऊन उभी राहिली होती. "माझ्याकडे नीट राहील ती," ती म्हणाली.

"ती झोपेत पांघरूण टाकते," ओलेथा म्हणाली.

"बत्तीस वर्षांची आहे ती, ओलेथा."

"म्हणून काय? लहानपणीही टाकायची, आताही टाकते. आणि तुझ्या माडीच्या जिन्याला कठडा आहे का?"

"आहे."

"दोन्ही बाजूंनी?"

आयडेलाने रोशेलकडे पाहिलं. रोशेलने छताकडे पाहिलं.

गाडीत बसल्या बसल्या ओलेथाने वेंडेलला सांगितलं की घरी नंतर जाऊ, आधी ग्लोव्हरांच्या घरावरून घे, बाहेरून जिना दिसतो का बघू. वेंडेलने सिग्नल दिला आणि गाडी डावीकडे वळवली.